मुंबई ते जिद्दा: लांबलेला रोजा

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबई दुपारी 4, जिद्दा संध्याकाळी 7. गावाकडच्या आपा म्हणाल्या, "तीनच तास? मग इफ्तार वेळेवर होईल." प्रत्यक्षात प्रवास साडेपाच तासांचा. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून कागदावर तो तीन तासांचा दिसतो. अंतर सरळ रेषेत सुमारे 3,500 किलोमीटर.

रमजानमधला उमरा होता, मार्च महिना. सोबत अम्मी, त्यांना साखरेचा त्रास. आजारात, प्रवासात रोज्याची सवलत आहे, नंतर कजा करता येतो, हा विषय आम्ही आदल्या रात्री हळूच काढला. "सहरीला मला उठवा," एवढंच त्या म्हणाल्या.

मुंबईची इफ्तारची वेळ झाली, पावणेसात वाजून गेले. शेजारच्या चाचांनी घड्याळ पाहून खजूर उचलला. आम्ही हात धरला, "चाचा, खिडकीबाहेर बघा." विमानाच्या पंखावर लख्ख ऊन होतं. रोजा सुटतो तो आपण आहोत तिथला सूर्य मावळल्यावर, घरच्या घड्याळावर नव्हे. मुंबई 73 रेखांशावर, जिद्दा 39 वर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर 34 अंशांची सव्वादोन तास होतात. वर्गात हे गणित शंभर वेळा फळ्यावर मांडलं असेल, पण त्या दिवशी ते अम्मींच्या सुकलेल्या ओठांवर दिसत होतं. त्यात इतक्या उंचीवरून सूर्य जमिनीपेक्षा आणखी काही मिनिटं जास्त दिसतो. चाचांनी खजूर मुकाट्याने डबीत ठेवला.

आमचे दादा जहाजाने हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून निघालेले हाजी दिवसच्या दिवस समुद्रात काढत आणि यलमलमच्या समोर आलं की जहाजातच एहराम बांधत. 1995 नंतर ती जहाजं बंद झाली. आता विमान ताइफजवळच्या कर्नुल मनाझिलच्या बाजूने जातं आणि मीकात काही मिनिटांत मागे पडते. म्हणून एहराम मुंबईतच बांधून निघावं, नियत तेवढी वर करावी. झोप लागली तर संपलंच!

मुंबईचे नऊ वाजायला आले आणि मीकातची घोषणा झाली. अम्मींनी नियत केली. तल्बिया म्हणताना आवाज कापत होता. विमान उतरू लागलं, पट्टे बांधायचा दिवा लागला आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, खजुरांचा डबा वरच्या कप्प्यातल्या बॅगेत! उठायची सोय नाही.

पंखावरचं ऊन विझलं. क्षितिजावरची लाल रेघही खाली गेली. चाचांनी डबी उघडली आणि स्वतः घेण्याआधी अम्मींपुढे धरली.

"घ्या आपा. मघाशीच संपली असती."