नादारीचा अर्ज नसलेली रांग

‘फुकट’ या शब्दाला आपल्या बोलण्यात फारशी इज्जत नाही. फुकटचं म्हणजे कमी प्रतीचं आणि फुकट घेणारा म्हणजे हात पसरणारा. माझ्या शाळेच्या दिवसांत या शब्दाला एक कागदी जोडीदार होता, नादारी. सांगलीत अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाच मुलांची फी त्यांना झेपत नसे. दर जूनमध्ये नादारीचा अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि वर्गात नावं वाचली की जागेवर उभं राहायचं. फी माफ व्हायची, पण ते उभं राहणं मी आजही विसरलेले नाही.

2018 च्या उन्हाळ्यात मी धाकट्या मुलाकडे न्यूयॉर्कला गेले, तेव्हा हा शब्द पुन्हा समोर आला. आदल्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली होती. सुनेच्या पगारावर घर चाललं होतं. कोणी मदतीची गोष्ट काढली की त्याचं एकच उत्तर असे, “फुकटचं काही नको, अम्मी.” नोकरी शोधायला मोफत मार्गदर्शन मिळतं, तिथेही तो जाईना. दिवसेंदिवस घरात बसून राही. मला त्याची काळजी नोकरीपेक्षा या बसून राहण्यामुळे वाटत होती.

शेजारी एक बांगलादेशी कुटुंब होतं. त्यांची मुलगी जेवणाचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीत वाढपाचं काम करायची. सेंट्रल पार्कातल्या एका मोठ्या मेजवानीला तिनं काम केलं होतं, त्याचं वर्णन तिनं एके दिवशी केलं. झाडांखाली पांढऱ्या चादरींची टेबलं, काळे सूट, दागिने, फोटोवाले. एका खुर्चीची किंमत हजारो डॉलर. जेवण झालं की सगळे पाहुणे शेजारच्या खुल्या नाट्यगृहात नाटक बघायला जातात. तिकडे याला ‘गाला’ म्हणतात. त्या जेवणाचा, मांडवाचा, वाढप्यांचा खर्च वजा जाता जे उरतं, ते संस्थेला मिळतं. देणाऱ्याला करसवलतही मिळते, पण स्वतः खाल्लेल्या जेवणाची किंमत वगळून. आणि हा पैसा कशासाठी? तर त्याच नाट्यगृहात शहरातल्या कुणालाही शेक्सपिअरची नाटकं विनामूल्य बघता यावीत म्हणून.

मुलगा हसला. “श्रीमंतांचा देखावा,” म्हणाला. मलाही ते पटकन पचलं नाही. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाताला कळू नये, हे ऐकत आपण वाढलेले. पण त्या नाट्यगृहाची कहाणी समजली, तशी मी थोडी थांबून विचार करू लागले.

हे काम उभं केलं जोसेफ पॅप नावाच्या माणसानं. ब्रुकलिनच्या गरीब ज्यू घरातला. आईबाप पूर्व युरोपातून आलेले, वडील ट्रंका बनवायचे. त्यानं 1954 मध्ये संस्था सुरू केली, 1956 मध्ये नदीकाठच्या एका खुल्या रंगमंचावर मोफत प्रयोग केले आणि पुढच्या वर्षी ट्रकवर रंगमंच चढवून वस्त्यावस्त्यांत नाटक नेलं. 1959 मध्ये शहराच्या उद्यानांचा प्रमुख रॉबर्ट मोझेस अडून बसला. लोकांच्या पायांखाली गवत खराब होतं, म्हणून तिकीट लावा आणि खर्च भरून द्या, असा त्याचा हट्ट. तिकीट अगदी थोडं होतं, पण पॅपनं नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अपिलात पॅप जिंकला. जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकानं देणगी दिली, शहरानंही पैसे घातले आणि 1962 मध्ये सेंट्रल पार्कात सुमारे अठराशे आसनांचं डेलाकोर्ट नाट्यगृह उघडलं.

थोडंसं तिकीट लावलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्या मते, मग ज्याच्याकडे तेवढेही नाहीत त्याला खिडकीशी जाऊन तसं सांगावं लागलं असतं. म्हणजे पुन्हा नादारी.

ईद झाली. त्यानंतरच्या आठवड्यात मी मुलाला म्हटलं, मला एकटीला जमणार नाही, तू चल. तो केवळ माझ्यासाठी आला. तिकिटं दुपारी बाराला वाटतात, माणशी दोन. लोक सकाळपासून चटया, वर्तमानपत्रं, न्याहारीचे डबे घेऊन रांगेत बसलेले. पासष्टच्या पुढच्यांची रांग वेगळी, तिथे आम्हाला बाक मिळाला. मी वाट बघत होते की आता कोणीतरी काहीतरी विचारेल. उत्पन्न, राहण्याचा दाखला, काम काय करता. कोणी काही विचारलं नाही. दोन तिकिटं हातात आली.

नाटक ‘ऑथेल्लो’ होतं. आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये त्याचाच ‘झुंझारराव’ केला, त्यामुळे कथा मला ठाऊक होती. भाषा निम्मी डोक्यावरून गेली तरी अडलं नाही. आठ वाजता उजेडात सुरू झालेलं नाटक शेवटाला येईपर्यंत काळोख दाटला होता. चुकुडी इवुजी हा कृष्णवर्णीय नट ऑथेल्लो करत होता. संशयानं पोखरत गेलेला तो सेनापती बघताना माझा मुलगा पुढे झुकून बसला होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला असं कशात तरी हरवलेलं बघत होते.

परतताना तो म्हणाला, “अम्मी, शेजारी बसले होते ते देणगीवाले होते की रांगेतले, कळलंच नाही.”

सगळं गोड आहे असं नाही. देणगी देणाऱ्यांना राखीव जागा मिळतात, त्यांना रांगेत थांबावं लागत नाही. आणि देणाऱ्याचा हात कधी मागेही येतो. 2017 मध्ये इथल्या ‘ज्युलियस सीझर’मधला सीझर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यासारखा दाखवला, तेव्हा डेल्टा विमान कंपनीनं आणि बँक ऑफ अमेरिकानं पाठिंबा काढून घेतला. संस्थेनं नाटक थांबवलं नाही. पैसा अनेकांकडून येत असला, तर एकाच्या रागावर दार बंद करावं लागत नाही. त्या झगमगाटाचा हाही एक उपयोग.

पुढच्या आठवड्यात मुलगा आपणहून वाचनालयातल्या मोफत नोकरी मार्गदर्शनाला गेला. नोकरी लागायला पुढे बराच वेळ गेला, पण तो घराबाहेर पडला.

आता आपल्याकडचं बघू या. शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमात आपण लेकराला व्यासपीठावर बोलावतो, हातात धनादेश देतो, फोटो काढतो. त्या मेजवानीतही फोटो होते, पण ते देणाऱ्यांचे. घेणारा अंधारात सगळ्यांसारखा बसून नाटक बघत होता. देणाऱ्याला हौस असेल तर त्याचा हार, त्याचं नाव, त्याचं जेवण खुशाल होऊ द्या. मुलाची फी मात्र शाळेच्या कचेरीत गुपचूप भरा. वर्गात त्याला कोणी उभं करू नये.