नानांची दामण

जुन्या नाशकातल्या कोकणीपुऱ्यात राहून मी शिडाची होडी शिकायला मुंबईला जातो, हे ऐकून लोक आधी हसतात, मग विचारतात, "आपलं गंगापूर धरण काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही. पण माझे नाना तरुणपणी दाभोळहून मचव्यावर मुंबईला माल घेऊन जायचे, आणि मला तेच पाणी हवं होतं.

मचव्यांना इंजिनं बसली तसं नानांचं काम सुटलं. ते नाशकात एका लाकडाच्या वखारीत लागले. त्यानंतर घरात समुद्राचा विषय कधी निघाला नाही. आता दोन वर्षांपासून त्यांची आठवण विरत चालली आहे. कधी मला मामूंच्या नावाने हाक मारतात, कधी सलाम करून अदबीने विचारतात, "आपण कुठले?"

रविवारी पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि दुपारी बंदरातल्या छोट्या होडीत बसायचं, असा माझा क्रम. पहिले चार रविवार मी एकच चूक करत होतो: मुख्य शिडाची दोरी जीव खाऊन ओढून धरायची. ताणलेलं शीड दिसतं मोठं रुबाबदार! पण वारा त्याच्या दोन्ही अंगांना धरून वाहिला तरच ते होडीला पुढे ओढतं. फार आवळलं की आडोशाच्या बाजूचा वारा सुटून घोटाळतो. होडी कलंडते खूप, सरकते कमी. शिकवणाऱ्याने शिडाच्या मागच्या कडेला लोकरीचे धागे बांधून दिले. ते सरळ मागे उडाले तर ठीक, कडेआड लपले तर समजावं, आवळलं जास्त.

शिडाचा आकारही सारखा बदलावा लागतो. मंद वाऱ्यात खालच्या दांड्यावरची दोरी थोडी सैल सोडून शिडाला पोट द्यायचं. दुपारी समुद्रावरून जोराचा वारा सुटला की तीच दोरी ताणून शीड सपाट करायचं. उंचावर वारा अधिक असतो, म्हणून शिडाचा वरचा भाग जरासा बाहेर वळू द्यायचा. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत फक्त चार थांबे घेऊन. तेवढे महिने एकटा माणूस हे सोडणं-आवळणं करत होता, या विचाराने माझे तळहात अजून दुखतात.

एका रविवारी मित्राने माझा व्हिडिओ काढला. रात्री तो नानांना दाखवला. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग उजवा हात उचलून त्यांनी मूठ उघडली.

"दामण सोड रे. कोंडलंय शीड."

दामन म्हणजे पदर, एवढंच मला ठाऊक होतं. शिडाच्या खालच्या टोकाच्या दोरीलाही दामण म्हणतात, हे मी घरात पहिल्यांदाच ऐकत होतो. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. लोकरीचे धागे खरंच कडेआड गेले होते. धागे त्यांना दिसले असतील असं वाटत नाही, मोतीबिंदू आहे.

"किती सोडू, नाना?"

"फडफडेपर्यंत. फडफडलं की थोडी घे. थांबलं की बस्स."

शिकवणाऱ्याने महिनाभर इंग्रजीत सांगितलं होतं ते हेच. मी त्यांना अजून विचारणार होतो, त्यांच्या मचव्याचं तिरकं शीड वारा बदलला की कसं फिरवायचे ते. पण त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आपण कुठले?"

"दाभोळचा," मी म्हणालो.

"मग आपल्याला हे ठाऊक असायला हवं."