पावती आणि जिव्हाळा

मृगाचा पहिला पाऊस काल पडून गेला. आज सोयाबीनचं बियाणं आणायला तालुक्याला गेलो. दुकानदाराने सवयीने कच्ची चिठ्ठी पुढे केली. मी पक्कं बिल मागितलं, त्यावर लॉट नंबर लिहून घेतला.

तीन वर्षांपूर्वी बियाणं उगवलंच नाही, तेव्हा माझ्या हाती ना बिल होतं, ना पिशवीचा टॅग. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार कशाच्या जोरावर करणार? दुबार पेरणीचा खर्च आणि आईचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. आता टॅग न फाडता पिशवी खालून फोडतो, मूठभर बियाणं बाजूला जपून ठेवतो. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. 70 तरी उगवले तरच तिफण शेतात.

कागदाचा आग्रह धरतो, पण घासाघीस मात्र सगळीकडे करत नाही. ट्रॅक्टरवाल्याशी भाव एकरी की तासावर, हे नांगर टेकण्याआधीच ठरवतो आणि काम झालं की त्याच संध्याकाळी पैसे देतो. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली, तेव्हा वाइंडिंगवाले दादा रात्री दहाला धावत आले. त्यांची मजुरी मी कधी अडकवली नव्हती.

उधारी वाढली की भाव विचारायची हिंमतच गहाण पडते. कागद मागितला म्हणून कोणी परका होत नाही. शेताला बांध, तसा व्यवहाराला कागद. बांध पक्का असला की शेजार सुखाने नांदतो. निघताना दुकानदाराने आग्रहाने चहा पाजला. पक्कं बिल खिशात होतं, म्हणून तो अधिकच गोड लागला.