इन्स्पेक्टर ईगल आणि आमचे माजघर

विविध भारतीवरील ‘इन्स्पेक्टर ईगल’ आम्ही भावंडांनी ऐकला तो इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवात. ईगल थर्मासवाल्यांनी प्रायोजित केलेली ही मालिका. खुनाचा तपास आणि थर्मासची जाहिरात एकाच दमात चाले. घरात वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात खुनी आमच्याच माजघरातून हिंडे, त्याची पावले आमच्याच जिन्यावर वाजत.

पुढे उजनीचे पाणी चढले. जिना, माजघर, सारेच गेले आणि आम्ही बारामतीस आलो.

त्याच मालिकेवर विश्वामित्र आदिल यांनी १९७९ साली चित्रपट काढला. इंदापुरास तंबूत तो लागल्याचे कळताच आम्ही आईसह एस.टी.ने मुद्दाम गेलो. संजीवकुमारसारखा थोर नट समोर असूनही आमचा हिरमोड झाला. आई बराच वेळ डोळे मिटून बसली होती. आम्हांस वाटले, तिला झोप लागली.

परतताना आम्ही सारे खापर चित्रपटावर फोडले. आज तो अन्याय वाटतो. रेडिओ आपले नेपथ्य ऐकणाऱ्याच्या घरातून उसने घेतो. चित्रपटास स्वतःच्या भिंती उभ्या कराव्या लागतात. आम्ही त्या भिंतींत आमचे घर शोधत होतो. ते दाखविणे कोणत्याच दिग्दर्शकास शक्य नव्हते.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर येते. आई असेतो आम्ही तिला तेथे नेत असू. ती देवळाकडे पाठ करून, जिना कोठे होता ते बोटाने दाखवी.