हातचा न येणारा गुणाकार

मलकापूर, ता. शाहूवाडी

चि. ओंकार यास,


तू पाठवलेली सतरा अंकी संख्या वहीत उतरवून घेतली: १२३४५६७८९८७६५४३२१. ‘कुणीतरी मुद्दाम जुळवलेली दिसते,’ असं तू लिहिलंस. जुळवलेली नाही रे. १११११११११ ला त्यानेच गुण. मोबाईल नको, तो एवढ्या लांब उत्तराचे शेवटचे अंक बहुधा गिळतो. शाळेतल्यासारखा गुणाकार मांड: तेच नऊ एक नऊ ओळींत, दर ओळ एक घर डावीकडे. उभी बेरीज करत जा. उजव्या टोकाला एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा उतरण. कुठेही हातचा येत नाही, म्हणून चढ-उतार इतका स्वच्छ दिसतो.

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यांत आपल्या संख्येचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी बसतो. पुढचं आणि शेवटचं स्थान परार्ध.

या जातीच्या संख्यांना डेमलो हे नाव दिलं देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी. जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर हा विचार त्यांना सुचला, त्याचं ते नाव. म्हणजे आताची डोंबिवली! १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगात बोलबाला झाला. लोक त्यांना ६१७४ या संख्येमुळे ओळखतात. मला मात्र डेमलोच जवळची. तिच्यात चमत्कार कमी आणि कारण जास्त.

आता अंकांची बेरीज कर. ८१ येते, आणि ८१ ने संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ म्हणणारेही कापरेकरच. पण इथे घाई नको. बेरजेवरून भाग ओळखायची युक्ती ३ आणि ९ पुरतीच, ८१ ला ती चालत नाही. खरं कारण वेगळं: नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो, आणि वर्गाला अर्थातच ८१ ने. त्या पहिल्या भागाकाराचं उत्तर १२३४५६७९. आठ गायब! या आठ अंकी संख्येचे मूळ अवयव दोनच, ३७ आणि ३३३६६७. म्हणजे तुझी भलीमोठी संख्या ३, ३७ आणि ३३३६६७ एवढ्या तिघांवर उभी आहे: तीनचा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५.

इथे आंबा घाटाकडून पाऊस लागलाय, लाईटचा भरवसा नाही. कागद-पेन्सिलीवर मजेत वेळ जातो. तूही एक कर. दहा एकांचा वर्ग हाताने मांड. मधल्या घरात दहा येतील आणि पहिल्यांदाच हातचा घ्यावा लागेल. त्यानंतर डावीकडच्या अंकांचं काय होतं ते मला कळव, उत्तर गुगलवर न बघता.

तुझा,
काका