तिसऱ्या फळीचा ऑगस्ट

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतो, पण चर्चा जुलैपासूनच रंगते. कोणता संघ कितवा येणार, आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक तयार आहे का, बचावाची पुढची फळी भक्कम आहे का, यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरून येतात. त्यांत नावं येतात ती पंचवीसेक जणांची. अकरा आक्रमणाचे, अकरा बचावाचे आणि चेंडूला लाथ मारणारे दोघे-तिघे. संघात मात्र शंभरावर मुलं असतात. उरलेल्या पाऊणशे-ऐंशी जणांचा हंगाम कसा जाणार, याबद्दल कुणी लिहीत नाही. माझा रोजचा संबंध याच मुलांशी येतो, म्हणून हे लिहिते आहे.

मध्यपश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र आहे, तिथे मी संख्याशास्त्र शिकवते. मुलांची नावं, नंबर किंवा विद्यापीठाचं नाव मी देणार नाही. विद्यार्थ्यांची माहिती बाहेर जाऊ न देण्याचा इथला कायदा कडक आहे आणि तो मला पटतो. मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि पेठापेठांतली ईर्षा हेच डोळ्यांसमोर येणार. हा फुटबॉल निराळा. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याला अंगावर घेऊन अडवायचं, आणि आक्रमण व बचाव यांची माणसंसुद्धा वेगवेगळी. दर जागेसाठी एक रांग असते. पहिला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. या रांगांच्या तक्त्याला डेप्थ चार्ट म्हणतात. ऑगस्टमध्ये या मुलांचं सगळं जग त्या तक्त्यात सामावलेलं असतं.

कॅम्प सुरू होतो जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्ट लागता लागता. एकूण पंचवीस सराव. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, नंतर अंगभर पॅड चढवून खरी टक्कर. उन्हाची सवय व्हावी म्हणून ही पायरी ठेवली आहे. पूर्वी दिवसातून दोन-दोन वेळा पॅड घालून सराव चालायचा. 2017 पासून ते बंद केलं, हे फार चांगलं झालं. तरीही दिवस पहाटेच्या नाश्त्यापासून रात्रीपर्यंत भरलेला असतो. मीटिंग, मैदान, वजनं, फिल्म. एरवी आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते, पण वर्ग सुरू होण्याआधीच्या या दिवसांना ती लागू नाही. उन्हाळी सत्राचा राहिलेला अभ्यास पुरा करायला मुलं माझ्याकडे येतात ती रात्री आठनंतर. दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकने गुंडाळलेल्या, हातात जेवणाचा डबा, आणि टॅब्लेटवर प्लेबुक उघडंच. बर्फ वितळून खुर्चीखाली थेंब थेंब पाणी साचत असतं आणि आम्ही प्रमाण विचलन काढत असतो.

त्यांच्या बोलण्यात सारखा एक शब्द येतो, रेप. सरावात मैदानावर उतरून खेळलेली एक खेळी म्हणजे एक रेप. पहिल्या फळीला ढीगभर मिळतात, दुसऱ्या फळीला त्याहून कमी, आणि तिसऱ्या फळीला प्रत्येक सत्राच्या शेवटी उरतील तेवढ्या. कधी चार, कधी दोन. त्या प्रत्येक रेपचं चित्रण होतं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर पडद्यावर तिला गुण मिळतात. पाय आधी कुठला टाकला, हात समोरच्याच्या छातीवर कुठे लागले, मान खाली गेली का, सगळं बघितलं जातं. ज्याला चाळीस रेप मिळाल्या त्याच्या दोन चुका खपून जातात. ज्याला चारच मिळाल्या त्याच्या दोन चुका म्हणजे निम्मा दिवस वाया.

आमच्या तिसऱ्या फळीतला एक गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत उभी करणाऱ्या पाच जणांपैकी एक, सव्वातीनशे पौंडांचा, बोलायला अगदी मऊ. त्याला नमुन्याचा आकार हा धडा शिकवत होते. नमुना लहान असेल तर अंदाज किती ढिला राहतो, हे मी आकडे मांडून दाखवत होते. तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे चार रेपवरून मी कसा आहे, हे कुणाला सांगताच येणार नाही?" मी म्हटलं, "खात्रीने नाही सांगता येणार." "पण प्रशिक्षकांना तर सांगावंच लागतं," तो म्हणाला. वर्गातल्या कितीतरी मुलांना जे सत्र संपेपर्यंत कळत नाही, ते याला त्या एका वाक्यात कळलं होतं, कारण ते त्याच्या अंगावरून रोज जात होतं.

मग त्याने स्वतःच वहीत आपली जागा मांडली. पुढे दोघं. पहिला शेवटच्या वर्षाचा. दुसरा त्याच्याच वर्गातला, त्याचा खोलीतला जोडीदार, ज्याच्या गुडघ्यावर वसंतात शस्त्रक्रिया झाली होती. इथे त्याचं पेन थांबलं. या वयाच्या मुलाला हे ओझं पेलावं लागतं, त्याची मला फार काळजी वाटते. राखीव खेळाडूची संधी बहुतेक वेळा कुणाच्या तरी दुखापतीतूनच येते. पुढचा पडला तर आपली पाळी. आणि तो पुढचा बहुतेकदा मित्र असतो. रोज सकाळी ही मुलं मित्राला पाण्याची बाटली देतात, त्याचा गुडघा कसा आहे विचारतात, आणि मनापासून विचारतात. तरी मनाच्या कोपऱ्यात दुसरा हिशेब चालू असतोच. त्यासाठी त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

या सगळ्यांच्या तोंडी एक नाव हमखास असतं, कार्डेल जोन्सचं. 2014 मध्ये तो ओहायो स्टेटचा तिसरा क्वार्टरबॅक होता. ऑगस्टच्या सरावात ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला आणि जे. टी. बॅरेट पहिल्या जागी आला. नोव्हेंबरअखेरीस मिशिगनविरुद्ध बॅरेटचा घोटा मोडला. जोन्सने कॉलेजातला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला तो थेट बिग टेन या त्यांच्या गटाच्या अंतिम फेरीत. विस्कॉन्सिनविरुद्ध 59–0. पुढे अलाबामाला 42–35 आणि 12 जानेवारी 2015 ला ऑरेगनला 42–20 असं हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते झाले. तीन सामने, तिन्ही जिंकले. ही गोष्ट मुलं एकमेकांना सांगतात ती जोन्सच्या बाजूने. मला ती ऐकताना दर वेळी त्या ऑगस्टमधल्या सरावांची आठवण करून द्यावीशी वाटते. तिसऱ्या जागी असतानाही त्याने प्लेबुक पाठ ठेवलं होतं आणि कुणीतरी त्याला रेप दिल्या होत्या. डिसेंबरात ते ऐनवेळी कुठून येणार होतं?

जे तक्त्यात पहिल्या दोनांत बसत नाहीत, त्यांच्या वाट्याला स्काउट टीम येते. पहिला सामना आठवड्यावर आला की कॅम्पचं रूप पालटतं. आता समोरचा संघ कसा खेळेल, याची तयारी. हे काम स्काउट टीमचं. साहाय्यक प्रशिक्षक एक मोठं कार्ड वर धरतो, त्यावर जाड मार्करने प्रतिस्पर्ध्याची खेळी काढलेली असते. मुलं कोंडाळं करून ते बघतात आणि लगेच तशीच खेळी पहिल्या फळीसमोर खेळतात. प्रतिस्पर्ध्याच्या प्रमुख खेळाडूचा नंबर असलेला पातळ सदरा जर्सीवर चढवायचा आणि आठवडाभर त्याच्यासारखं पळायचं. स्वतःची शैली विसरायची, आणि तरीही जीव तोडून खेळायचं, कारण स्काउट टीम ढिली पडली तर शनिवारी पहिली फळी फसते. ज्या सायंकाळी हातात पहिल्यांदा कार्ड येतं, त्या सायंकाळी मुलाला आपला हंगाम कसा जाणार ते कळतं. त्या रात्री ते अभ्यासाला येतात, पण गप्प असतात. मी गणितं जरा सोपी देते.

पूर्वी राखीव क्वार्टरबॅकना कडेला उभं राहून हातवारे करत खेळ्या आत पोचवण्याचं काम तरी असायचं. 2024 पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज थेट पोचवायला परवानगी मिळाली, आणि त्यांचं तेही काम आटलं.

धीर देणाऱ्या गोष्टीही आहेत. कॉलेजात पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. पहिलं वर्ष न खेळता राखून ठेवलं तर त्याला रेडशर्ट म्हणतात. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष हातचं राहतं. हा नियम राखीव मुलांच्या फार उपयोगी पडला. सप्टेंबरातल्या एखाद्या सोप्या सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत उतरायचं, आईवडिलांनी ते दूरदर्शनवर बघायचं, आणि वर्षही वाया जायचं नाही.

पण 2025 चा ऑगस्ट वेगळा गेला. कित्येक वर्षं पूर्ण शिष्यवृत्त्यांवर 85 ची मर्यादा होती. त्यापलीकडे वॉक-ऑन मुलं असत, म्हणजे स्वतःची फी भरून, केवळ खेळायला मिळावं म्हणून संघात आलेली. काही विद्यापीठांत अशी मुलं पन्नास-पन्नास असायची. 6 जून 2025 ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. जे मैदानावर घाम गाळतात त्यांना वाटा मिळाला, हे न्याय्यच आहे. मात्र त्याच तडजोडीत शिष्यवृत्तीची मर्यादा जाऊन संघाच्या आकाराची मर्यादा आली. फुटबॉलला 105. वरची मुलं कमी करा. म्हणजे पैशाची दारं उघडली आणि ज्यांनी कधी पैसा मागितलाच नव्हता, त्यांच्यासाठी मैदानाचं दार लागलं. न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर अडवून धरलं, म्हणून निदान ज्यांना काढलं त्यांची गणना 105 मध्ये न करण्याची सवलत निघाली. परत घेणं मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर ठेवलं. मला हे चुकीचं वाटतं. एक वॉक-ऑन जास्त असल्याने कुणाचा घास हिरावला जात नव्हता, आणि त्याच्याशिवाय स्काउट टीम उभी राहत नाही.

माझ्याकडे येणारा एक लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, असाच गेला. शेतकऱ्याचा मुलगा, शाळामास्तर व्हायचं आहे, तीन वर्षं स्काउट टीममध्ये काढलेली. वसंतातल्या सरावानंतर त्याला सांगण्यात आलं. जूनच्या निकालानंतर आशा पालवली, जुलैभर तो फोनची वाट बघत राहिला. फोन आला नाही. केंद्राने त्याला अभ्यासासाठी येऊ दिलं, म्हणून ऑगस्टमध्येही तो त्याच टेबलाशी बसत होता. आजूबाजूला बर्फ बांधलेली मुलं, आणि हा एकटा कोरडा, धडधाकट. त्या धडधाकट असण्याचंच त्याला दुःख होतं. गार्ड आणि तो पहिल्या वर्षापासूनचे दोस्त. गार्ड आल्या आल्या त्याला सरावातलं सगळं सांगायचा, कुणाला किती रेप मिळाल्या ते सुद्धा. हे सांगणं बरं की वाईट, असा प्रश्न मला पडायचा. लाइनबॅकर मात्र स्वतःहून विचारायचा.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात प्रवेश घेतला. तिसऱ्या विभागातलं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच आणि 105 चा नियमही नाही. माझं काम एवढंच होतं, की त्याने इथे केलेले संख्याशास्त्राचे दोन विषय तिथे ग्राह्य धरले जावेत म्हणून अभ्यासक्रमाचं तपशीलवार पत्र लिहायचं. दोन्ही धरले गेले. तिथल्या डेप्थ चार्टवर तो दुसरा आहे.

गार्ड अजून तिसराच आहे, पण फील्ड गोलच्या वेळी अडवणाऱ्या तुकडीत त्याला घेतलं आहे. म्हणजे सामन्यात पाच-सात खेळ्या नक्की. खोलीतल्या जोडीदाराचा गुडघा टिकला. आमचा पहिला सामना लाइनबॅकरच्या नव्या कॉलेजच्या पहिल्या सामन्याच्या आधीच्या शनिवारी आहे. खेळाडूंना घरच्यांसाठी जी तिकिटं मिळतात, त्यांतलं एक गार्डने लाइनबॅकरच्या नावाने काढून ठेवलं आहे. तो शुक्रवारी रात्री गाडीने येणार आहे.