मधल्या नावाची जागा

नाशिक

चि. सौ. वृंदा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर एवढं सगळं बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला. बाळाच्या पहिल्या नावावर घरात एकमत झालं आणि घोडं मधल्या नावावर अडलं, हे वाचून आधी मला हसू आलं. आमच्या वेळी मधल्या नावाला कुणी विचारतच नसे. ते बापाचं, विषय संपला.

तुझ्या न्यू जर्सीच्या नणंदेचं म्हणणं असं की, ‘मीरा’ला शोभेल असं एखादं छोटं, गोड नाव मध्ये घालावं, तिकडे ‘रोज’ किंवा ‘ग्रेस’ घालतात तसं. तिचं काही चुकलं नाही. तिकडे ती जागा मोकळी असते. पणजीचं नाव, एखाद्या संताचं, आईच्या माहेरचं आडनाव, काहीही तिथे चालतं, आणि त्या नावाने सहसा कुणी हाकही मारत नाही. आपल्याकडे ती जागा मूल जन्मायच्या आधीच भरलेली असते. म्हणून मधलं नाव पहिल्याला शोभतं का, असं न विचारता पहिलं नाव मधल्यांशी पटवून घेईल का, हे बघ.

मधल्यांशी म्हटलं, कारण आता ती दोन आहेत. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, या क्रमाने लिहायचं. तुझी लेक या नियमातली. म्हणजे ती होणार मीरा वृंदा समीर बेलापूरकर.

आता हे मोठ्याने म्हणून बघ. शाळेत हजेरी घेण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे नाव मी डोळ्यांनी वाचत नाही, कानांनी वाचते. ‘मीरा’ आणि ‘समीर’ एकमेकांचे प्रतिध्वनी आहेत. मध्ये तू उभी आहेस म्हणून यमक थोडं लपतं, पण दुसरीतल्या पोरांना ते पहिल्याच दिवशी सापडेल. शिवाय ‘मीरा वृंदा’ म्हणताना दोनदा ‘आ’वर थांबावं लागतं. आपल्याकडे मुलींची बहुतेक नावं ‘आ’ नाही तर ‘ई’वर संपतात. आईचं ‘आ’वर संपत असेल तर लेकीचं ‘ई’वर संपणारं घ्यावं, म्हणजे दोन्ही नावं सुटी ऐकू येतात. रेवती वृंदा समीर. सई वृंदा समीर. जुई वृंदा समीर. आणि पुढे ते सहा अक्षरी आडनाव आहे, हे विसरू नकोस. एवढी मालगाडी ओढायची तर इंजिन छोटंच बरं.

अर्थाची जुळणीही करून पाहिली. वृंदा म्हणजे तुळस, तर लेक मंजिरी! ‘मंजिरी वृंदा समीर’: तुळस, तिचा तुरा आणि वरून वारा. इतकं जुळलेलं नाव मला नको वाटतं. कवितेची ओळ वाटते, मुलीचं नाव वाटत नाही. आणि तिला जन्मभर ते लोकांना उलगडून सांगत बसावं लागेल.

सासूबाईंना तुझं नाव मध्ये येणं खटकतंय, असं तू अगदी हळूच लिहिलं आहेस. त्यांना म्हणावं, मधलं नाव शोभेसाठी कधीच नव्हतं, ते मूल कुणाचं हे सांगण्यासाठी होतं. शिरवाडकर जन्माने गजानन रंगनाथ. दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. खांडेकर गणेश आत्माराम होते, तेही दत्तक जाऊन विष्णु सखाराम झाले. घर बदललं की मधलं नाव बदलतं, एवढा त्याचा अधिकार. मग जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिचं नाव तिथे नको, हे कुठल्या हिशेबाने?

आणखी एक गंमत बघ. पुरुष लेखक म्हणजे पु. ल., वि. वा., ग. दि., वडिलांचं अक्षर सतत सोबत. बायका मात्र दुर्गा भागवत, शांता शेळके, इंदिरा संत, कमल देसाई. मधलं अक्षर गायब. आपलं मधलं नाव रेशनकार्डापुरतं आणि लग्नानंतर तेही बदलायचं. माझ्या आजीचं तर पहिलं नावही गेलं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं माहेरच्यांपुरतं उरलं.

आईचं नाव लावणं ही आपली प्राचीन परंपरा, असं कुणी म्हणालं की बोट आमच्या नाशिककडे जातं. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. अभिमान जरूर बाळगावा, पण नीट वाचून. ‘गौतमी’ हे तिच्या गोत्रावरून आलेलं नाव. तिचं स्वतःचं नाव बलश्री, ते मुलाच्या नावात नाहीच. त्या मानाने संजय लीला भन्साळी पुढे गेले. त्यांनी आईचं हाक मारायचं नावच लावलं.

नव्या निर्णयाचं कौतुक करताना एक सांगून ठेवते. विवाहित स्त्रीसाठी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी पद्धत त्यातही चालूच ठेवली आहे. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, पण रूढीप्रमाणे बदललं तर लेकीच्या नावातून तू जाशीलच, आणि समीररावही जातील. ते तिचं ती बघेल.

कामाचं सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुम्ही केलीच आहे. नावाची घाई नाही. नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय नाव घालता येतं. पण एकदा घातलं की पक्कं समज, कारण १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच जन्मदाखला आधार. आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. आडनाव सोडून बाकी सगळं एकाच ओळीत जातं, म्हणून ती ओळ आटोपशीर हवी. आणि तुझं रोमन स्पेलिंग आधारवर आहे तेच लिही. ‘वृ’ लोक कधी ‘आय’ घालून लिहितात, कधी ‘यू’ घालून. एका अक्षरासाठी पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

माझं मत विचारलंस तर जुई. वन्संनी बारशाला कानात मीरा म्हणायचं ठरवलंच असेल तर म्हणू देत, आत्याचा मान आहे तो. मात्र पालिकेचा अर्ज समीररावांवर सोपवू नकोस, स्वतः भर. आणि आईच्या नावाच्या जागी नुसतं ‘वृं.’ लिहून भागवू नकोस, पूर्ण वृंदा लिही.

तुझी,
मावशी